बिरादार बाईंच्या काडेपेट्या

बिरादार बाईंना ज्याचा मान ठेवायचा नसे, त्याला त्या नुसतं ‘साहेब’ म्हणत. ज्याचा ठेवायचा असे त्याच्या नावापुढं ‘राव’ लागे. त्यामुळं लातूरच्या सरकारी दवाखान्यात झाडू मारणारा गणपत हा गणपतराव होता, टँकरचा ड्रायव्हर युसूफ हा युसूफराव होता, आणि जिल्ह्याच्या आरोग्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते गृहस्थ फक्त साहेब होते. साहेबांना ती पदवी वाटे. बाईंनी त्यांचा तो गैरसमज कधी दूर केला नाही.

मी बाईंच्या शेजारच्या घरात राहत होतो. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. म्हणजे दिवसा फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे आलेख काढायचो आणि संध्याकाळी घागर घेऊन टँकरमागं धावायचो. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गावातल्या प्रत्येक सरकारी पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द चढला होता. दवाखान्याच्या जुन्या पाटीवर त्याला जागा नव्हती, म्हणून रंगाऱ्यानं तो वर कोपऱ्यात, चुकून राहिलेल्या मात्रेसारखा बसवला होता. आपण जिल्ह्याचे झालो ही बातमी नळांपर्यंत मात्र पोचली नव्हती. पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कोनशिलेवरचा पडदा दूर होत होता.

बाई मूळच्या उदगीरच्या, आडत दुकानदाराच्या घरातल्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत. गळ्यात लिंगाचा दोरा आणि चष्म्याचा दोरा असे दोन दोरे कायम एकमेकांत गुंतलेले. चहा बशीत ओतून प्यायच्या, मग समोर कोणीही असो. शिकून त्या डॉक्टर झाल्या, पण नाडी बघणाऱ्या नाही. रक्त, लघवी आणि शौच तपासणाऱ्या. तपासणीच्या खोलीत हात धुतलेलं पाणी त्या बादलीत धरत आणि ती बादली दवाखान्यामागच्या शेवग्याला घालत. त्या भयंकर उन्हाळ्यात गावात एवढं एकच झाड हिरवं होतं. त्याच्या शेंगा मी कधी मागितल्या नाहीत. बाईंनी मात्र आठवणीनं पाठवल्या.

आताच्या लोकांना सांगायला हवं, की त्या काळी शौचाचा नमुना काडेपेटीतून यायचा. रिकामी काडेपेटी प्रत्येकाच्या घरात असते, ती उघडझाप होते आणि खिशात मावते. बाईंच्या खिडकीत अशा काडेपेट्यांची रांग लागलेली असायची. एकदा नवीन आलेला एक तरुण डॉक्टर नाकाला रुमाल लावून खोलीत शिरला. बाई सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, “नाक कशाला दाबून राहिलाव? तुमच्यात काय गुलकंद तयार होतो का?” रुमाल खिशात गेला.

“बघितल्याबगर बोलू नये,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना त्या ते ऐकवत. त्यामागं काय होतं हे मला पुष्कळ उशिरा समजलं. त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, उदगीरच्या दुकानात गादीवर बसताना खाली आणखी एक उशी घेत. रक्त जातं हे त्यांनी वैदूला सांगितलं, दुकानातल्या मुनीमाला सांगितलं. मूळव्याध आहे असं दोघांचं मत पडलं. सख्खी बहीण ह्याच कामाची डॉक्टर होती, तिला मात्र सांगितलं नाही. “भैनीला काय दाखवावं असलं?” हे त्यांचं म्हणणं. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा मोठ्या आतड्यातली गाठ सगळीकडं पसरलेली होती.

तर त्या दुष्काळात बाईंच्या डोक्यात एक योजना आली. रोजगार हमीच्या कामांवर, पाझर तलावांवर, माणसं आपण होऊन एका जागी गोळा झालेली होती. त्यातल्या चाळिशीपुढच्यांच्या काडेपेट्या मागवायच्या. प्रत्येक नमुन्यावर एका बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. निळा रंग आला की डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात आहे.

“पण बाई,” मी म्हणालो, “रक्त तर जंतांनीही जातं. अर्ध्या तालुक्याला निळा रंग येईल.”

“मग मी काय येडी हाय का? निळा आला की आधी जंताची अंडी बघायची. असली तर गोळी द्यायची, जंत पाडायचे, आणि परत काडेपेटी मागायची. परत निळा आला तरच माणूस पुढं मोठ्या दवाखान्यात. चाळणीखाली चाळणी. खर्च थेंबांचा नसतो, सर. खर्च पुढच्या तपासणीचा असतो. म्हणून पुढं थोडेच पाठवायचे, पण नेमके पाठवायचे.”

अर्थशास्त्राच्या माणसानं कान पकडावा असं ते बोलणं होतं. वर त्या म्हणाल्या, “आणि ह्या तपासणीआधी मटण नको, मुळा नको, कच्ची भाजी नको. शहरात पेशंटला पथ्याचा कागद द्यावा लागतो. इथं दुष्काळानं अख्खा तालुका पथ्यावर बसवलाय. ह्याच्यापेक्षा स्वस्तात कुठं व्हायचं नाही.”

हे बोलताना त्या हसल्या नव्हत्या.

एकदा त्यांनी मला विचारलं, “तुमच्या शास्त्रात एका जिवाची किंमत कशी धरतात?”

मी म्हणालो, “मतं वेगवेगळी आहेत. साधारणपणे तो माणूस जगला असता तर किती कमावलं असतं, त्यावर.”

“म्हणजे हमालाचा जीव स्वस्त आणि साहेबाचा महाग?”

“पुस्तकाप्रमाणं, हो.”

“पुस्तक जाळा.” मग बशी खाली ठेवत म्हणाल्या, “जाळा म्हणजे चुलीत जाळा. चहा तरी होईल.”

योजना मंजूर झाली, कारण नव्या जिल्ह्याला नव्या योजनांची गरज होती. मंजूर झाली म्हणजे उद्घाटन आलं. पण शौचाच्या तपासणीचं उद्घाटन करायला कोणी तयार होईना. ज्या पुढाऱ्यांनी मुताऱ्यांच्याही फिती कापल्या होत्या, त्यांना नेमकी परगावची कामं निघाली. शेवटी अण्णासाहेब तयार झाले. निलंग्याच्या रस्त्याला त्यांची डाळमिल होती, एका बाजार समितीचं अध्यक्षपद होतं, आणि विधानसभेचं तिकीट अजून मिळायचं होतं. मांडव पडला, हार आले, पाण्याचा एक अख्खा टँकर मैदानावर शिंपडून धूळ बसवली. रोजगार हमीवरची माणसं रिकामे हंडे घेऊन त्या ओल्या मैदानाकडं बघत उभी होती.

अण्णासाहेब बोलले छान. जनतेच्या मनातली लाज दूर करायची असेल तर नेत्यानं पहिलं पाऊल टाकलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, “पहिला नमुना माझा!” टाळ्या पडल्या. वैद्यकाच्या इतिहासात या वस्तूला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नसतील.

दुसऱ्या दिवशी जीप आली. काडेपेटी नव्हे, नवी कोरी स्टीलची डबी, रेशमी रुमालात गुंडाळलेली, वर नावाची चिठ्ठी. बाईंनी दोन थेंब टाकले. निळा रंग आला. जंत नव्हते. बाईंनी पुन्हा नमुना मागवला. पुन्हा जीप, पुन्हा डबी, पुन्हा निळा.

बाईंनी अण्णासाहेबांना बोलावून, दार लावून, नीट समजावून सांगितलं. कॅन्सर आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. आतून बघून घ्या, एवढंच म्हणाल्या. अण्णासाहेब मुंबईला गेले. एकटे नव्हे, दोन गाड्या भरून. मेहुणे, स्वीय सहायक, एक खासगी डॉक्टर आणि प्रत्येकाची बॅग उचलायला एकेक माणूस. तिथं मुक्काम ठोकून आतडं तपासलं. आतडं लहान मुलासारखं स्वच्छ निघालं.

ते परत आले ते पेटून. दरम्यान गावात बातमी फुटली होती आणि बाजारात लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. ज्याला तिकीट हवंय त्याला सहानुभूती चालते, पण अशी नव्हे. बैठक लागली. तिला शास्त्रीय दिसावं म्हणून कॉलेजातला अर्थशास्त्राचा माणूस हवा होता, म्हणून मलाही एक खुर्ची मिळाली.

साहेबांनी हिशेब मांडला. वरती योजनेचा एकूण खर्च. त्यात मांडव होता, हार होते, मैदानावर शिंपडलेला टँकर होता, आणि सगळ्यात मोठा आकडा होता मुंबईच्या दौऱ्याचा. खाली, पुढं पाठवलेला माणूस: एक, आणि सापडलेले कॅन्सर: शून्य. “दर रुग्णामागं खर्च काढायला गेलं तर भागाकारच होत नाही,” साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसले. शून्यानं भागता येत नाही, म्हणून त्यांनी योजनाच वजा करायची ठरवली होती.

मी म्हणालो, “दोन गाड्या भरून मुंबईला जाणं हा तपासणीचा खर्च कसा?”

“तपासणी झाली नसती तर ते गेले असते का? खोट्या इशाऱ्याचा खर्च धरायचा की नाही, सांगा.”

दोन गाड्यांचं सोडलं तर मुद्दा पुस्तकाप्रमाणं बरोबर होता. खोट्या इशाऱ्याचा खर्च धरायलाच हवा. प्रश्न एवढाच होता की इशारा खोटा होता का. तो तिथं कोणी विचारला नाही. बाईंनीही वेगळंच विचारलं.

“अण्णासाहेब, तुम्ही जेवणात काय घेता?”

अण्णासाहेबांना वाटलं, बाई नरमल्या. “आपलं साधं. गव्हाची पोळी, साजूक तूप, भात.”

“तुरीची चुनी?”

बैठक खो खो हसली. तूर भरडून डाळ काढली की जी टरफलं आणि चुरा उरतो, ती चुनी. पोत्यात भरून जनावरांच्या खाद्याला विकतात. अण्णासाहेब हसून म्हणाले, “चुनी म्हशीला घालतात, बाई.”

“हाव,” बाई म्हणाल्या आणि बसल्या. इतिवृत्तात हा प्रश्न आला नाही. योजना बंद करण्याचा ठराव एकमतानं झाला. बाईंचा हात खाली होता, पण तो कोणी मोजला नाही.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी अण्णासाहेबांना गाठलं. मी दोन पावलं मागं होतो. आत तारसप्तकात बोलणाऱ्या बाई इथं इतक्या हळू बोलल्या की मला आणखी पुढं सरकावं लागलं.

“डबीत तुरीची टरफलं होती, दोन्ही वेळेला. मी बघितलीत. चुनीची भाकरी खाणाऱ्या माणसाची डबी होती ती. तुम्हाला लाज वाटली, मला समजतंय. माझ्या भावालाही वाटली होती. म्हणून आत सगळ्यांसमोर बोलले नाही. योजना बंद करा. अहवालात मला येडी लिहा. माझी बदली करा. मला फक्त त्या माणसाचं नाव द्या. त्याच्या आतड्यातून रक्त जाऊन राहिलंय.”

अण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

“बाई, डबी माझीच होती. मी स्टेजवर बोललो तसं केलं.”

आणि ते जिना उतरून गेले.

एवढी वर्षं झाली, पण हे मला अजून उलगडलेलं नाही. माणूस लाजतो, खोटं बोलतो, हे सगळं मी समजू शकतो. पण नाव सांगायला काय लागत होतं? एक शब्द. त्या शब्दाच्या बदल्यात एका माणसाचा जीव होता, आणि दुसऱ्या पारड्यात टाळ्या पडलेलं एक भाषण. अण्णासाहेबांनी भाषण वाचवलं. मी आयुष्यभर मुलांना लाभ आणि खर्च शिकवला. त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला पुस्तकात मिळालं नाही.

“सरकारच्या खिशातून गेला तर तो खर्च,” घरी येताना बाई म्हणाल्या, “आणि लोकांच्या घरातून माणूस गेला तर ते नशीब. हे कोणत्या शास्त्रात बसतं, सर?”

दुसऱ्या दिवशी त्या डाळमिलच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. कामगार सुटले तेव्हा मोठ्यानं म्हणाल्या, “मालकासाठी ज्यानं डबी भरून दिली त्यानं मला भेटा. गुन्हा नाही केला कुणी. त्याच्या तब्येतीसाठी बोलावून राहिले.” माणसं खाली बघत निघून गेली. त्या दुष्काळात मिलमधलं काम हातून घालवायची छाती कोणाची नव्हती. फाटकावरचा राखणदार म्हणाला, “कशाला गरिबांना अडचणीत आणताव, बाई?” बाई शेवटचा कामगार जाईपर्यंत फाटकावरून हलल्या नाहीत.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, बाईंच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. साठीच्या आसपासचा, हडकुळा, डोक्याला मळकं मुंडासं. अण्णासाहेबांच्या घरी पाणी भरायचा, बैल सांभाळायचा, आणि मालक संडासला निघाले की पाण्याचा डबा नेऊन ठेवायचा. नाव मारोती. मला पाहून तो उठला आणि मलाच हात जोडू लागला.

बाई बाहेर आल्या. मारोती म्हणाला, “बाई, ती डबी म्या दिल्ती. मालक म्हनले, घरच्या इज्जतीचा सवाल हाय, तू दे. म्या दिली. दुसऱ्यांदा मागितली तवाबी दिली. मला काय ठावं त्याच्यानं मालकाला ममईला जावं लागंल? माज्यामुळं लई तकलीफ झाली त्यास्नी. तुमी लिहून द्या सरकारला, की चूक मारोतीची हाय. मालकाला काय न्हाई.”

तो तपासून घ्यायला आला नव्हता. तो माफी मागायला आला होता.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. “आत या, मारोतराव,” त्या म्हणाल्या. राव म्हटल्यावर तो कोणी दुसरा मागं आहे का, म्हणून वळून बघू लागला. बाईंनी स्वतःच्या कपबशीत त्याला चहा दिला. “रक्त केव्हापासून जातं?”

“ते काय मूळव्याध हाय जी. हुतंच हाय.”

“बघितल्याबगर बोलू नये,” बाई म्हणाल्या, पण यावेळी ओरडून नव्हे.

योजना बंद होती, त्यामुळं पुढं पाठवायची सोय बंद होती. बाईंनी रजा टाकली आणि मारोतीला घेऊन एसटीनं मोठ्या दवाखान्यात गेल्या. गाठ होती. लहान होती, भिंतीतच होती, पसरली नव्हती. तेवढं आतडं कापून जोडलं. रानात पाऊस पडून पहिली पेरणी झाली तोवर मारोती बैलांना पाणी पाजताना दिसू लागला होता. गावजेवण नाही, सत्कार नाही. बाईंनी मात्र एक काम चिकाटीनं केलं. त्यांनी साहेबांना कळवलं, की योजनेत एक कॅन्सर सापडला असून हिशेबात शून्याऐवजी एक धरावा. उत्तर आलं. सदर रुग्णाचं निदान योजना बंद झाल्यावर झालं असल्यानं आणि सदर नमुना अन्य व्यक्तीच्या नावे नोंदला असल्यानं बदल करता येत नाही.

म्हणजे अण्णासाहेबांची मुंबई हिशेबात राहिली आणि मारोतीचा वाचलेला जीव हिशेबात आला नाही. पुढं कधी कोणी असल्या तपासणीचा विषय काढला, की साहेब तोच अहवाल पुढं करत: आमच्या जिल्ह्यात करून पाहिलं आहे, परवडत नाही.

बदली झालीच. नांदेडकडच्या उमरीला. लातूरच्या माणसाला शिक्षा वाटावी इतपत ते लांब आहे. सामान भरताना बाई म्हणाल्या, “बरं झालं. तिकडं तरी साहेब कमी असतील.” शेवग्याला पाणी घालायचं त्यांनी गणपतरावांना बजावलं आणि मला बजावलं, की शेंगा आता तरी खात जा.

त्यानंतर बाईंची भेट एकदाच झाली. काही वर्षांनी पेपर तपासायला नांदेडला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला तसा उमरीची एसटी पकडली. दवाखाना लहान होता, पाटी त्याहून लहान. बाई निवृत्तीला आल्या होत्या, केस सगळे पांढरे, दोन्ही दोरे अजून एकमेकांत गुंतलेले. खिडकीत काडेपेट्यांची रांग. कोणाच्या परवानगीनं, मी विचारलं नाही.

बाकावर मारोती बसला होता. दरवर्षी येतो, बाई म्हणाल्या, तीन एसट्या बदलून. लातूरला तपासून घ्या म्हटलं तर ऐकत नाही. मारोतीनं पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. तुरीची डाळ होती, पिवळीधमक, एकही टरफल नसलेली. मग मुंडाशाच्या टोकाची गाठ सोडून काडेपेटी काढली. आणि मग पिशवीत खोल हात घालून आणखी एक वस्तू काढली. स्टीलची डबी. जुनीच, आता थोडी पोचे आलेली.

बाई डबीकडं बघत राहिल्या.

“मालकाची हाय,” मारोती आवाज खाली करून म्हणाला. “म्हनले, जातूस तर ही बी ने, पर कुनाला बोलू नको. रक्त जाऊन राहिलं म्हने त्यांचं. या वक्ताला खरीच त्यांची हाय, बाई. म्या सोता उभा हुतो.”

मला वाटलं, बाई ती डबी खिडकीबाहेर फेकतील. मी असतो तर फेकली असती. बाईंनी ती उचलली, रांगेच्या शेवटी ठेवली, नीट, बाकीच्यांना लागून. मग हात धुतले. पाणी बादलीत धरलं.

“मालकाची आदी बघा जी,” मारोती म्हणाला. “ते वाट बघून राहिले असतील.”

“बघू द्या वाट, मारोतराव,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याची काडेपेटी उघडली.